लाईनवर आलेली गाडी

ऑफिसच्या वॉशरूममधल्या त्या ऑटोमॅटिक नळाशी तुमचं कधी वाजलंय? हात पुढे केला की पाणी गायब, हात मागे घेतला की धो-धो. शेजारचा मात्र तोंडबिंड धुऊन, केस सेट करून मीटिंगला गेलेलाही असतो. आता जरा त्या नळाची बाजू ऐका. त्याच्या पोटात एक चिमुकला दिवा असतो. त्याचा उजेड इन्फ्रारेड, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारा. शेजारी एक सेन्सर टपून बसलेला असतो. तो उजेड कुणाच्या तरी हातावर आपटून परत आला, की सेन्सर म्हणतो, "आलं गिऱ्हाईक!" आणि पाणी सुरू. बस्स. एवढंच त्याचं डोकं.

हीच जोडगोळी एका छोट्या गाडीच्या नाकाखाली, जमिनीकडे तोंड करून बसवली तर? पांढरी जमीन उजेड परत पाठवते, काळी जमीन बराचसा गिळून टाकते. म्हणजे गाडीला काळं-पांढरं कळायला लागलं. आता पांढऱ्या फ्लेक्सवर इलेक्ट्रिशियनची काळी चिकटपट्टी वेडीवाकडी चिकटवा आणि गाडीला सांगा, बाई गं, ही पट्टी सोडायची नाही. याला म्हणतात लाईन फॉलोअर. (कॉलेजच्या कट्ट्यावर 'लाईन' या शब्दाचा जो अर्थ होता, तो कृपया इथे आणू नये.)

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअरिंगला गेलेल्या बहुतेकांनी ही गाडी एकदा तरी बनवलेली, बनताना बघितलेली किंवा (हळूच सांगते) विकत आणलेली असते. आज त्या तिसऱ्या प्रकाराबद्दलही बोलायचंय.

झालं असं, की माझी एक मैत्रीण पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. तिच्या एसईच्या पोरांना टेक-फेस्टसाठी रोबो करायचा होता आणि तोच मिनी प्रोजेक्ट म्हणून दाखवायचा होता. "तू आयटीत आहेस ना, मग शनिवारी येऊन जरा बघ की," असं म्हणून तिने मला पकडलं. (आयटीवाल्यांना नातेवाईक प्रिंटर दुरुस्तीलाही बोलावतात, त्यातलाच प्रकार.) मी लागोपाठ पाच शनिवार गेले. टीम चौघांची. एकाकडे कोडिंग, एकाकडे वायरिंग आणि सोल्डरिंग, एकाकडे चाकं आणि बॉडी. चौथी मुलगी होती, तिच्याकडे 'फाईल'. म्हणजे रिपोर्ट लिहायचा, आकृत्या काढायच्या, स्पायरल बाइंडिंग करून आणायचं. का? तर म्हणे तिचं अक्षर चांगलं आहे! मुलींनो, तुमच्या ऑफिसात मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं ते आठवा. मी लेक्चर दिलं नाही. तिला बाजूला घेऊन एवढंच म्हटलं, "फाईल तुझीच आहे ना? मग त्यातले आकडे तू स्वतः घे. कुणी सांगितलेले लिहू नकोस." तिने एक दोनशे पानी वही आणली. त्या वहीकडे आपण परत येऊ.

आधी खरेदी. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान म्हटलं की बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. चौघंही एका संध्याकाळी गल्लीत जाऊन आली. पिवळ्या रंगाच्या दोन गिअरवाल्या मोटारी (दुकानात 'बीओ मोटर' म्हणून मागायच्या), दोन चाकं, पुढे टेकायला एक कॅस्टर, पाच इन्फ्रारेड सेन्सरची पट्टी, एक मोटर ड्रायव्हर आणि गाडीचा मेंदू म्हणून आर्डुइनो उनो. हे आर्डुइनो प्रकरण इटलीतल्या इव्रेया नावाच्या गावात २००५ साली डिझाइनच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालं. इलेक्ट्रॉनिक्स न शिकलेल्यांनाही स्वस्तात काहीतरी हलतं-चालतं करता यावं, हा हेतू. उनो बोर्डची मेमरी किती असेल? कामापुरती २ केबी आणि प्रोग्राम ठेवायला ३२ केबी. तुम्ही सकाळी फॅमिली ग्रुपवर पाठवता तो गुड मॉर्निंगचा गुलाबही त्यात मावायचा नाही. पण पट्टीवरून गाडी चालवायला एवढं रग्गड आहे.

खरं तर याहूनही कमी डोक्यात भागतं. ग्रे वॉल्टर नावाचे एक मेंदूशास्त्रज्ञ इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला काम करायचे. त्यांनी १९४८-४९ च्या सुमारास तीन चाकांची दोन यांत्रिक कासवं बनवली, एल्मर आणि एल्सी. प्रत्येकीत दोन व्हॉल्व्ह, एक उजेड ओळखणारा फोटोसेल आणि कवचाला धक्का लागला की कळणारा एक स्विच. कॉम्प्युटर नाही, प्रोग्राम नाही. तरी ही कासवं मध्यम उजेडाकडे जायची, प्रखर उजेडापासून लांब पळायची, अडथळा आला की वळसा घालायची आणि बॅटरी उतरायला लागली की दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात परत यायची. बघणाऱ्यांना वाटायचं, ही जिवंतच आहेत. थोडक्यात, सेन्सर आणि चाकं यांची नीट गाठ घालून दिली, की वागणं आपोआप 'शहाणं' दिसायला लागतं.

"नीट गाठ घालून दिली की" हे म्हणायला सोपं. पहिल्या शनिवारी गाडी चालूच होईना. मोटारी फिरायच्या, थांबायच्या, परत फिरायच्या. कोडिंगवाला म्हणे वायरिंग चुकलंय, वायरिंगवाला म्हणे कोड चुकलाय. (ओळखीचं वाटतंय ना? डेव्हलपर विरुद्ध टेस्टर!) शेवटी मल्टिमीटर लावला. त्यांनी रिमोट-बिमोटला वापरतात ती छोटी चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी लावली होती. ती रेडिओला ठीक आहे, पण दोन मोटारी एकदम करंट ओढायला लागल्या की तिचा व्होल्टेज कोसळतो. बोर्ड उपाशी पडून बंद होतो, मोटारी थांबल्या की बॅटरी जरा सावरते, बोर्ड परत सुरू होतो. मोटारी पुन्हा फिरतात, पुन्हा तेच. चार्ज होणारे दोन लिथियमचे सेल लावले आणि भांडण मिटलं. कोडही बरोबर होता आणि वायरिंगही. दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दुसऱ्या शनिवारी गाडी पट्टीवरून धावली. धावली म्हणजे, शनिवारी रात्री बारमधून सुटलेल्या माणसासारखी. पट्टी डाव्या सेन्सरखाली आली की गाडी जोरात डावीकडे, उजव्याखाली आली की जोरात उजवीकडे. मधलं काही नाहीच. सरळ रेषेवरसुद्धा ही बया नागमोडी जाणार आणि वळणावर थेट भिंतीला भेटणार.

इथून या रोबोचा खरा अभ्यास सुरू होतो आणि मला आवडतो तो भागही हाच. लक्षात घ्या, या गाडीला नकाशा माहीत नसतो. पुढे वळण आहे का, शेवट कुठे आहे, काही ठाऊक नाही. तिला एकच गोष्ट कळू शकते: आत्ता या क्षणी आपण पट्टीपासून किती सरकलोय. 'सरकलोय का' नव्हे, 'किती' सरकलोय. म्हणून पाच सेन्सरना नंबर द्यायचे. मधला शून्य, उजवीकडचे एक आणि दोन, डावीकडचे उणे एक आणि उणे दोन. पट्टी मधल्याखाली असेल तर चूक शून्य. अगदी उजव्या टोकाखाली असेल तर चूक दोन. या आकड्याला इंजिनिअर लोक 'एरर' म्हणतात.

आता चूक जेवढी, सुधारणा तेवढी. आर्डुइनोवर मोटारीचा वेग शून्य ते २५५ मध्ये सांगतात. समजा, दोन्ही मोटारी १५० वर चालल्यात आणि चूक एकची आहे. मग डावी १८० करा, उजवी १२०. गाडी हलकेच उजवीकडे वळेल. चूक दोनची असेल तर २१० आणि ९०. यातला ३० हा आकडा आपण ठरवायचा. तो फार लहान ठेवला तर गाडी वळणावर आळस करते आणि पट्टी सोडते. फार मोठा ठेवला तर एवढ्याशा चुकीसाठी एवढी वळते, की पट्टी ओलांडून पलीकडे जाते, मग तिकडून तशीच इकडे. एका टायपोवरून अख्ख्या टीमला 'टू ऑल' मेल टाकणारे बॉस तुम्ही बघितले असतील. त्यांचा हा आकडा मोठा असतो.

मग यावर उपाय? तो मिळाला समुद्रावर. निकोलस मिनॉर्स्की नावाच्या रशियात जन्मलेल्या आणि अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअरने जहाजाचं सुकाणू आपोआप कसं चालवता येईल, यावर १९२२ साली एक शोधनिबंध लिहिला. त्याने सुकाणू धरणारी कसलेली माणसं बघितली. ती फक्त 'जहाज आत्ता किती वाकडं आहे' एवढंच बघत नव्हती. आधीपासून किती वेळ वाकडं चाललंय आणि आत्ता किती वेगाने सरळ होतंय किंवा बिघडतंय, हेही बघत होती. जहाज भरभर सरळ व्हायला लागलं की कसलेला माणूस आधीच हात सैल सोडतो. तीच अक्कल गणितात बसवली. आज कारखान्यांतल्या भट्ट्यांपासून ड्रोनपर्यंत जे 'पीआयडी' वापरतात, त्याचं मूळ तिथे आहे.

आपल्या गाडीत हे दोन ओळींचं काम. मागच्या वेळची चूक लक्षात ठेवायची आणि आत्ताच्या चुकीतून ती वजा करायची. चूक झपाट्याने कमी होत असेल तर सुधारणा ढिली करायची. तिसऱ्या शनिवारी कोडिंगवाल्याने हे लिहिलं, आकडे खालीवर करून बघितले आणि गाडी अचानक शहाण्या मुलीसारखी पट्टीवरून गेली. चौघांनी जो आरडाओरडा केला, त्याने वरच्या मजल्यावरचे सर खाली आले.

पण वेग वाढवला, की परत डुलकी. इथे दोघांनी अख्खी संध्याकाळ घालवली. भानगड काय होती, ऐका. गाडी काय करतेय ते कळावं म्हणून कोडिंगवाल्याने प्रत्येक फेरीला सगळ्या सेन्सरचे आकडे लॅपटॉपला पाठवायला लावले होते. ते पाठवायचा वेग होता ९६००, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं. एका फेरीत तीसेक अक्षरं, म्हणजे निव्वळ रिपोर्ट लिहिण्यात सेकंदाचा बत्तिसावा भाग गेला. पाच सेन्सर वाचायला तर याच्या पन्नासाव्या भागाइतकाही वेळ लागत नाही! अर्ध्या मीटरच्या वेगाने जाणारी गाडी तेवढ्यात दीड सेंटिमीटर पुढे जाते, तीही डोळे मिटून. पट्टी जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर रुंद. त्या ओळी काढून टाकल्या आणि गाडी सरळ झाली. तासातासाला स्टेटस रिपोर्ट मागणाऱ्या मॅनेजरला हा परिच्छेद कापून द्यायला हरकत नाही.

आता ती तिसरी गोष्ट. चौथ्या शनिवारी मी गेले तर चौघंही गप्प. सबमिशन दोन आठवड्यांवर आलेलं. चाकंवाल्याच्या एका सीनिअरने निरोप दिला होता, की तयार गाडी मिळते. साडेतीन हजार. पट्टीवर चालवून दाखवणार, वर रिपोर्ट टाइप करून देणार आणि वायवाला काय विचारतात त्याची प्रश्नोत्तरंही. फक्त पहिल्या पानावर नाव बदलायचं. चाकंवाला म्हणाला, "ताई, मार्क तेवढेच मिळतात. माझे दोन विषय राहिलेत. घरी फीसाठी कर्ज काढलंय. मी गाडीवर रात्री घालवू का त्या दोन विषयांवर?"

यावर तोंडावर फेकायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि तो बोलत होता ते खोटंही नव्हतं. मार्क खरोखरच तेवढेच मिळतात. परीक्षकाकडे एका टीमला फार तर दहा मिनिटं असतात. मेहनतीचा आणि विकतचा फरक तेवढ्यात दिसतोच असं नाही. आपल्याकडे प्रोजेक्टच्या सीझनला हा अख्खा धंदा चालतो तो यामुळेच.

मी त्यांना फक्त माझ्या टेबलाच्या पलीकडची गोष्ट सांगितली. आमच्याकडे फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू असतात तेव्हा मी एक प्रश्न हमखास विचारते: "तुमच्या प्रोजेक्टमध्ये काय बिघडलं होतं?" ज्याने प्रोजेक्ट खरंच केलाय, त्याचा चेहरा बदलतो. तो सरसावून बसतो. बॅटरी कशी दगा द्यायची, कुठली वायर सैल होती, रात्री दोनला काय सापडलं, हे सगळं सांगतो. थांबवावं लागतं त्याला. आणि ज्याने विकत आणलाय तो म्हणतो, "काही नाही मॅडम, सगळं नीट चाललं." बस्स, संपलं. त्याला खोटं पाडायची गरजच पडत नाही. ज्या माणसाला स्वतःच्या कामातली चूक सांगता येत नाही, त्याला ती दुरुस्त तरी कशी करता येणार? पाच सेन्सर काढून टाकलेल्या गाडीसारखं आहे ते. मोटार चांगली आहे, बॅटरी फुल्ल आहे, आणि पट्टी कुठेय ते ठाऊक नाही.

हे ऐकून त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी बाणेदारपणे नकार दिला, असं काही झालं नाही. वायरिंगवाल्याने मोबाइलवर हिशेब केला. साडेतीन हजार भागिले चार, पावणेनऊशे. आधीच एकोणीसशे घातलेत. कुणाच्याच खिशात तेवढे नव्हते. म्हणून स्वतःचीच गाडी पुढे न्यायची असं ठरलं. चाकंवाल्याचं काम तसंही झालं होतं. तिघांनी त्याला सांगितलं, तू अभ्यास कर, डेमोला ये. मला हा तोडगा आवडला.

त्याच दिवशी नवं संकट. गाडी रात्री होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये झकास चालायची आणि सकाळी लॅबमध्ये आणली की आंधळी! पट्टीवर ठेवली तरी पट्टी दिसेना. कोडिंगवाल्याने कोड पहिल्यापासून वाचला. वायरिंगवाल्याने सेन्सर बदलायची भाषा सुरू केली. तेव्हा ती वहीवाली म्हणाली, "एक मिनिट." आणि वही उघडली.

तिने रोज आकडे लिहिले होते. तारीख, वेळ, जागा, पांढऱ्यावर किती, काळ्यावर किती. आर्डुइनो सेन्सरचं वाचन शून्य ते १०२३ मध्ये देतं. रात्री ट्यूबलाइटखाली पांढऱ्यावर ८०-९० आणि काळ्यावर ८०० च्या आसपास. कोडमध्ये मधोमध ५०० ला सीमारेषा, त्याच्या वर ते काळं. पण सकाळी अकराला खिडकीशेजारी पांढऱ्यावर ५०-६० आणि काळ्यावर जेमतेम २५०! म्हणजे गाडीच्या हिशेबाने काळं असं काही उरलंच नव्हतं, सगळं पांढरंच. आणि त्याच लॅबमध्ये पडदा ओढल्यावर परत ७८०. तिने पडदेसुद्धा लिहिले होते!

कारण सोपं आहे. उन्हात इन्फ्रारेड भरपूर असतं, ट्यूबलाइटमध्ये जवळपास नसतं. चकचकीत चिकटपट्टीवर ऊन पडलं की आपल्या चिमुकल्या दिव्याच्या उजेडात सूर्याचाही उजेड मिसळतो. गाडी पट्टीची चूक मोजत होती, पण तिची फूटपट्टीच उन्हाने बदलली होती. उपाय दोन केले. सेन्सरभोवती काळ्या कार्डपेपरचा घागरा शिवला, म्हणजे ऊन आतच येऊ नये. आणि कोडमध्ये अशी सोय केली, की सुरुवातीला गाडीने पट्टीवर जागच्या जागी डावी-उजवीकडे डुलायचं, प्रत्येक सेन्सरला आज इथे सगळ्यात पांढरं किती आणि सगळ्यात काळं किती दिसतंय ते टिपायचं आणि सीमारेषा आपली आपण ठरवायची. याला कॅलिब्रेशन म्हणतात. हा भाग कोडिंगवाल्याने नाही, तिने लिहिला. तो शेजारी बसून कंस कुठे राहिलाय ते सांगत होता. त्या दिवसापासून रिपोर्ट चौघांनी वाटून लिहिला.

टेक-फेस्टला काय झालं? सिनेमा असता तर पहिला नंबर आला असता. पहिल्या राऊंडला काटकोनातल्या वळणावर गाडी बाहेर गेली. दुसऱ्या राऊंडला पूर्ण फेरी मारली. एकोणीस टीममध्ये सहावी. आणि खोटं कशाला बोला, दुसऱ्या नंबरची गाडी विकतची होती, हे हॉलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. आमच्या पोरांना वाईट वाटलं. वाटणारच. पण वायवाला परीक्षकांनी "ही सुरुवातीला डुलते का?" असं विचारलं आणि ती मुलगी वही घेऊन पुढे झाली, तेव्हा दहा मिनिटांची वायवा पंचवीस मिनिटं चालली. चाकंवाल्यालाही कॅस्टर पुढेच का, मागे का नाही, हे विचारलं. त्याला आलं.

हे पोरखेळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही, राव. २००८ साली आशिया-पॅसिफिकमधल्या कॉलेजांची एबीयू रोबोकॉन स्पर्धा पुण्यात बालेवाडीला भरली होती. यजमान दूरदर्शन आणि त्या वर्षीची थीम होती, चक्क गोविंदा! देशोदेशीची पोरं आपल्या दहीहंडीवरून रोबो बनवून आली होती. २०१४ ला ही स्पर्धा परत पुण्यातच झाली. आयआयटी मुंबईचा 'ई-यंत्र' उपक्रम २०१२ पासून कॉलेजच्या मुलांसाठी रोबोटिक्स स्पर्धा घेतोय. आणि तुमच्या फ्लॅटमध्ये जो गोल चकतीसारखा झाडू मारणारा रोबो सोफ्याखाली अडकतो ना, त्याच्या पोटाखालीही असेच इन्फ्रारेड सेन्सर असतात. जिन्याच्या कडेला आला की खालून उजेड परत येत नाही, म्हणून तो थांबतो. नाहीतर कधीच खालच्या काकूंकडे पोचला असता.

तुम्ही म्हणाल, आम्ही काय करू? आम्हाला कुठे सबमिशन आहे! मग तर अजूनच छान. मार्कांची भीती नाही, वेळेची घाई नाही. दोन शनिवार-रविवार काढा. घरात आठवी-नववीतला भाचा-पुतणी असेल तर तिला सोबत घ्या. सामान साधारण दीड-दोन हजारांत येतं, म्हणजे मल्टिप्लेक्समध्ये चौघांनी पॉपकॉर्नसकट सिनेमा बघितला तेवढ्यात. सुरुवात दोन सेन्सरने करा, गाडी दारू प्यायल्यासारखी चालेल, चालू दे. मग पाच लावा. सेन्सरचा दिवा लागलाय का ते मोबाइलच्या सेल्फी कॅमेऱ्यातून बघा, बऱ्याच फोनमध्ये तो जांभळट दिसतो. गाडीने पट्टी हरवली तर शेवटची कुठल्या बाजूला दिसली होती ते तिला लक्षात ठेवायला शिकवा. किल्ल्या हरवल्यावर आपणही तेच करतो.

आणि हो, यादीत एक वस्तू वाढवा, ती तपकीर गल्लीत नाही, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात मिळेल. दोनशे पानी वही. पहिल्या पानावर तारीख टाका आणि पडदा उघडा होता की बंद, तेही लिहा.